पारा चढला, पण कशामुळे? हवामानबदल शिकवण्याआधी शिकायचं काय

काचेची दोन उघडी भांडी घ्या. एकात नुसती हवा, दुसऱ्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मिळवलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींत थर्मामीटर ठेवा आणि वरून दिव्याचा प्रखर प्रकाश सोडा. थोड्या वेळाने कार्बन डायऑक्साइडच्या भांड्यातला पारा जरा जास्त वर गेलेला दिसतो. मुलं खूश, शिक्षक त्याहून खूश. फळ्यावर वाक्य लिहिलं जातं: 'कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते.'

विज्ञान प्रदर्शनातला हा लाडका प्रयोग. तो पाहून मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. गंमत अशी, की फळ्यावरचं वाक्य खरं आहे, पारा चढतो हेही खरं आहे, पण तो चढण्याचं कारण वेगळंच आहे. २०१० साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात काही भौतिकशास्त्रज्ञांनी अशाच एका प्रयोगाची तपासणी मांडली. त्यात कसोटीला लावला होता आरगॉन. हा वायू उष्णतेचे किरण शोषत नाही, म्हणजे पृथ्वी तापवण्यात त्याचा हात नाही. पण वजनाला तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास आहे. अशा वायूनेही पारा चढत असेल, तर तो किरण अडल्यामुळे चढत नाही हे उघड आहे. जड वायू भांड्याच्या तळाशी बसून राहतो, बाहेरच्या हवेत सहज मिसळत नाही, म्हणून आतली ऊब वर वाहून जात नाही. खरा परिणाम एवढ्याशा भांड्यात इतका क्षीण असतो, की साध्या थर्मामीटरला तो जाणवणंही कठीण.

म्हणजे उत्तर बरोबर आणि रीत चुकीची. गणिताच्या पेपरात याला गुण मिळत नाहीत. उष्णतेची लाट आली, पूर आला की 'शाळेत हवामानबदल शिकवा' ही मागणी जोरात येते आणि पाणी ओसरलं की तीही ओसरते. त्या मागणीत नेमकं काय मागायला हवं, ते या भांड्यांवरून कळतं.

## घोळ शब्दांपासूनच

मराठीत पंचाईत थोडी जास्तच आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकतो, की एखाद्या ठिकाणची त्या-त्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे 'हवा' आणि दीर्घकाळची सरासरी स्थिती म्हणजे 'हवामान'. पुस्तक मिटलं, की उद्या पाऊस पडेल का हे सांगणारी बातमी मात्र 'हवामानाचा अंदाज' म्हणून येते. ज्या दोन गोष्टींतला फरक सगळ्यात आधी कळायला हवा, त्या दोघींना आपण एकाच नावाने हाका मारतो. मग कडाक्याची थंडी पडली, की 'कुठे गेली तुमची तापमानवाढ?' हा प्रश्न येणारच.

हवा म्हणजे माणसाचा आजचा मूड आणि हवामान म्हणजे त्याचा स्वभाव, ही उपमा जुनीच आहे. तिच्यातला पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. स्वभाव कळायला माणसाला किती काळ बघावं लागतं? हवामानशास्त्राने हे उत्तर ठरवून टाकलंय: ३० वर्षं. सध्या जागतिक हवामान संघटना 'सामान्य' म्हणून १९९१ ते २०२० या काळाची सरासरी धरते. हा तीसचा आकडा लक्षात असू द्या. शाळेच्या वहीपाशी तो परत येणार आहे.

दुसरा शब्द 'हरितगृह'. काचेचं हरितगृह उबदार राहतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा बाहेर निसटू शकत नाही म्हणून. वातावरणावर असं काचेचं झाकण नाही. तिथे वेगळंच घडतं. सूर्यप्रकाशाने जमीन तापते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांवाटे ही ऊब आकाशाकडे परत जाऊ लागते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ असे वायू हे किरण वाटेत शोषतात आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली सोडतात. थोडक्यात, भांड्यांच्या प्रयोगात जी गफलत होते, ती 'हरितगृह' या नावातच दडलेली आहे. नाव आता रुळलंय, ते बदलणार नाही. शिकवणाऱ्याला ही गोम ठाऊक असली म्हणजे झालं.

## ही गफलत दीडशे वर्षं जुनी आहे

१८५६ साली युनिस फूट या अमेरिकन संशोधक महिलेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि निवायलाही जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त उबदार होईल, हे तिने तेव्हाच मांडलं. अंदाज अचूक होता. पण ऊन थेट शोषल्यामुळे नळकांडं तापलं की उष्णतेचे परतीचे किरण अडल्यामुळे, हे तिच्या साधनाने वेगळं करता येत नव्हतं. १८५९ साली जॉन टिंडलने त्यासाठी खास उपकरण रचलं. लांब नळीत वायू भरून त्यातून उष्णतेचे किरण सोडले आणि पलीकडे किती पोचतात ते मोजलं. तेव्हा कुठे कारण हाती आलं.

वर्गात या दोघांची नावं पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही. फूटच्या प्रयोगात काय सुटलं होतं आणि टिंडलने ते कसं पकडलं, एवढ्यावर एक अख्खा तास रंगतो. संशोधनाचं प्रशिक्षण म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.

## नळ बारीक केला, तरी टब भरतोच

आणखी एका ठिकाणी भलेभले अडखळतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमआयटी या नामांकित संस्थेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना साधारण असा प्रश्न होता: हवेतला कार्बन डायऑक्साइड एका पातळीवर स्थिर ठेवायचा, तर धूर सोडण्याचं प्रमाण कसं बदलायला हवं? बहुतेकांना वाटलं, की धूर सोडणं आहे तिथे थांबवलं, वाढू दिलं नाही, की पातळीही थांबेल.

टब डोळ्यांसमोर आणा. नळातून पाणी येतंय, खालच्या भोकातून थोडं जातंय. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त असेपर्यंत पातळी वाढतच राहणार, नळाची धार कितीही एकसारखी असो. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला ढोबळमानाने निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. बाकीचा साठत जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे २८० रेणू होते, आता ४२०च्या वर आहेत.

गणितात बुद्धिमान असलेली मुलंही इथे चुकतात, कारण 'किती आहे' आणि 'किती वेगाने वाढतंय' यांत गल्लत होते. हे हवामानाचं अज्ञान नव्हे, आलेख वाचण्याची सवय नसणं आहे. त्यावर पर्यावरणाचा आणखी एक धडा वाचून उतारा मिळत नाही.

## मग पुस्तकात एक धडा वाढवून भागत नाही का?

धडा हवाच. २०२१ साली युनेस्कोने १०० देशांचे अभ्यासक्रम तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांत हवामानबदलाचा उल्लेखच नव्हता. त्याच वर्षी शिक्षकांच्या पाहणीत त्याहून बोलका आकडा आला. हवामानबदलाचं गांभीर्य शिकवणं महत्त्वाचं आहे असं सुमारे ९५ टक्के शिक्षकांना वाटत होतं, पण ते शिकवण्याचा आत्मविश्वास असलेले ४० टक्क्यांहूनही कमी निघाले.

माझ्या मते सगळी मेख या दोन आकड्यांच्या मधे आहे. इच्छेची वानवा नाही. वानवा आहे ती स्वतः करून बघण्याची संधी मिळालेल्या शिक्षकांची. दिवसभराची कार्यशाळा, शंभर स्लाइड, शेवटी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र, हा प्रकार काठावर बसून पोहायला शिकवण्यातला. ज्याने कधी स्वतः तीन महिने रोज एकाच वेळी तापमान नोंदवलं नाही, मधले चार दिवस नोंद राहिली तेव्हा आता काय करायचं म्हणून डोकं खाजवलं नाही, तो मुलांना 'माहितीतली पोकळी' काय शिकवणार?

शिक्षकाला शास्त्रज्ञ बनवायचं नाही. एक छोटा प्रश्न स्वतः निवडणं, त्यासाठी मोजमाप करणं, मोजमापातली चूक शोधणं आणि हाती आलेल्या आकड्यांतून जेवढं निघतं तेवढंच बोलणं, ही फेरी एकदा, कुणा जाणत्या संशोधकाच्या सोबतीने, पुरी करायची. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. आकडे कमी बोलतात आणि आपल्याला जास्त बोलायचं असतं.

## एक थर्मामीटर, पाच आकडे

हे वर्गात कसं दिसतं? समजा, सावलीत एक थर्मामीटर टांगला आणि पाच मुलांनी पाठोपाठ जाऊन गुपचूप आपापला आकडा लिहून आणला. ३१, ३१.५, ३०.५, ३१ आणि ३३. सरासरी ३१.४.

आता पहिला प्रश्न: ३३ खोडायचा का? मुलं एका सुरात 'हो' म्हणतात. का? तर 'बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे म्हणून.' इथे शिक्षकाने थांबायला हवं. वेगळा आहे एवढ्यावर आकडा बाद केला, तर उद्या खरोखरच वेगळं काही घडलं तेही आपण खोडून टाकू. आधी चौकशी. ज्याने ३३ लिहिलं त्याने काय केलं होतं? विचारलं तर कळतं, की उंची पुरेना म्हणून त्याने थर्मामीटर हातात धरून जवळ ओढला आणि बोट नेमकं खालच्या फुग्यावर होतं. आता कारण सापडलं, आता खोडा. उरलेल्या चारांची सरासरी ३१ येते. पण खोडलेला आकडा आणि खोडण्याचं कारण, दोन्ही वहीत राहू द्या.

मग उरलेल्या चौघांत अर्ध्या-अर्ध्या अंशाचा फरक कसा? कुणी खालून वर बघितलं, कुणी वरून खाली. डोळा पाऱ्याच्या पातळीत नसला की आकडा सरकतो. हा अर्धा अंश किरकोळ वाटेल, पण पृथ्वीचं सरासरी तापमान दीडशेहून जास्त वर्षांत साधारण सव्वा ते दीड अंशानेच वाढलंय. आपल्या बघण्यातलीच चूक अर्ध्या अंशाची असेल, तर दीड अंशावर शास्त्रज्ञ एवढ्या खात्रीने कसं बोलतात? हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर तो तास सार्थकी लागला म्हणायचा. उत्तर असं, की चुका काही इकडे, काही तिकडे जातात आणि हजारो ठिकाणच्या, हजारो दिवसांच्या सरासरीत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या चुका मात्र अशा खोडल्या जात नाहीत. थर्मामीटर उन्हातल्या भिंतीला लटकवला, तर तो रोजच जास्त दाखवणार, मग लाख नोंदी घ्या. म्हणूनच वेधशाळांत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या अभियंत्याने योजली. त्याचा मूळ धंदा दीपगृहं बांधण्याचा.

## पण शाळेच्या नोंदींना विचारतो कोण?

विचारतात, अट एवढीच की नोंद कशी घेतली ते कळलं पाहिजे. १९९५ पासून चालू असलेल्या 'ग्लोब' या उपक्रमात शंभराहून जास्त देशांतल्या शाळा सहभागी आहेत. त्यातली मुलं ठरावीक पद्धतीने तापमान, पाऊस, माती, ढग यांच्या नोंदी करतात आणि जमिनीवरून पाहिलेल्या ढगांची नोंद उपग्रहाने वरून टिपलेल्या दृश्याशी ताडून पाहिली जाते. ढग वरून आणि खालून सारखे दिसत नाहीत, हा मुलांचा मोठा फायदा.

नवीन मोजण्याऐवजी जुनं वाचणं हेही संशोधनच. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये पावसाच्या जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर उतरवायला लोकांना हाक दिली गेली. सुमारे ६५ हजार कागद होते. १६ हजारांवर स्वयंसेवकांनी १६ दिवसांत ५० लाखांहून जास्त आकडे उतरवून काढले. त्यांतले फार थोडे हवामानतज्ज्ञ असतील. एकच आकडा अनेकांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि तो जुळला तरच धरायचा, ही त्यातली खुबी. वर्गातल्या पाच मुलांचीच पद्धत, मोठ्या प्रमाणावर.

जपानमधल्या क्योतो शहरात चेरीचा बहर कधी आला, हे दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशींमधून बाराशे वर्षं मागेपर्यंत शोधता येतं. २०२१ साली तो २६ मार्चला भरात आला. त्याआधी एवढ्या लवकर बहर आल्याची नोंद त्या अख्ख्या मालिकेत नव्हती. त्या भिक्षूंना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त तारीख घालून लिहिलं होतं.

## शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक ओझं?

ही तक्रार रास्त आहे आणि ती उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळी तोंडी परीक्षा असं काही आणलं, तर तो विषय वेळापत्रकाच्या कोपऱ्यात पडून राहणार. त्यापेक्षा आहे त्याच विषयांत तो मुरवता येतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये हेच धोरण स्वीकारलं. तिथे तो विज्ञानापुरता न ठेवता सामाजिक शास्त्रं, कला, अगदी शारीरिक शिक्षणातही घातलाय. शारीरिक शिक्षणात कशाला, असं वाटेल. पण भर उष्म्यात धावताना शरीर काय करतं, कधी थांबावं, हे त्याच तासाला शिकायचं नाही तर कधी? सरासरी शिकवायला गणिताच्या शिक्षकांना एरवी कुणाचे तरी काल्पनिक गुण लागतात, त्या जागी वर्गाच्या खिडकीबाहेरचे आकडे चालतील.

ओझं हलकं होतं ते वेळ काढून दिला तर. शिक्षकाकडून नोंदी, प्रकल्प, मार्गदर्शन हवंय आणि त्याचे तास मात्र कुठेच धरायचे नाहीत, असं चालत नाही. इथे योजना आखणाऱ्यांनी स्वतःच्याच कागदावर बेरीज करून बघावी.

## मुलं घाबरतील, आणि यात राजकारणही येतं

भीती तर आधीच आहे. २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांच्या पाहणीत ५९ टक्के जणांनी आपण हवामानबदलाबद्दल फार किंवा अतिशय चिंतेत असल्याचं सांगितलं. ही चिंता शाळेने निर्माण केली असं म्हणणं कठीण आहे. ती मोबाइलवर रोज पोचतेच. शाळेने गप्प राहायचं ठरवलं, तर मूल त्या चिंतेसोबत एकटं पडतं, एवढंच होतं. लहान वयात जगबुडीची चित्रं दाखवू नयेत, हे मान्य. तिसरी-चौथीच्या मुलाने एकाच झाडाला वर्षभर बघावं, पानं कधी गळली आणि पालवी कधी फुटली ते लिहावं. तेवढं पुष्कळ झालं.

राजकारणाचं म्हणाल, तर दोन प्रकारचे प्रश्न वेगळे करायला शिकवता येतं. माणसामुळे पृथ्वी तापतेय का? हा मोजमापाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आलंय. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीने २०२१ च्या अहवालात त्याबद्दल शंकेला जागा ठेवलेली नाही. मग आधी कुणी किती कपात करायची, खर्च कुणी सोसायचा? हा न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे आणि त्यावर वर्गात वाद झडू दे. पहिल्या प्रश्नावर मतदान घेणं आणि दुसऱ्याचं एकच उत्तर फळ्यावर लिहून देणं, या दोन्ही चुका सारख्याच वाईट.

घरावरही याचा परिणाम होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १० ते १४ वर्षांच्या मुलांना हा विषय स्थानिक उदाहरणांतून शिकवला, तेव्हा त्यांच्या आईवडिलांची या प्रश्नाबद्दलची आस्थाही वाढली, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. मुलींचा प्रभाव मुलांपेक्षा जास्त पडला, यात पालकांना नवल वाटू नये.

## परीक्षेत काय विचारायचं?

'हवामानबदलाची पाच कारणे लिहा' हा प्रश्न असेल, तर वर सांगितलेलं सगळं वाया. परीक्षेला येतं तेच शिकवलं जातं, हे सगळीकडेच खरं आहे. त्याऐवजी हे आकडे द्या. हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. दर दहा लाखांमागे १९६० साली तो सुमारे ३१७ होता, १९९० साली ३५४, २०२० साली ४१४. पहिल्या तीस वर्षांत किती वाढ? ३७. पुढच्या तीसांत? ६०. वाढीचा वेग स्थिर आहे का? आणि खरा प्रश्न शेवटी: हा वायू कुठून आला, हे या तीन आकड्यांवरून सांगता येईल का?

येत नाही. 'येत नाही' असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळायला हवेत. त्याचं उत्तर दुसऱ्या पुराव्यातून मिळतं. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळसा-तेलातला किरणोत्सारी, म्हणजे काळासोबत आपोआप कमी होत जाणारा, कार्बन केव्हाच संपलेला असतो. असं इंधन जळलं, की हवेतल्या एकूण कार्बनमध्ये त्या किरणोत्सारी कार्बनचा वाटा पातळ होतो आणि तसा तो झालेला मोजताही येतो.

## वही आणि तिची तीस वर्षं

आता तो तीसचा आकडा. शाळेने आज नोंदी सुरू केल्या, तर त्यातून 'हवामान' दिसायला तीस वर्षं लागतील. वही सुरू करणारी मुलं तोवर चाळिशीत असतील आणि शिक्षक निवृत्त. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून 'आपल्या गावाचं हवामान बदललं' असा प्रकल्प लिहून बक्षीस घेणं म्हणजे पुन्हा उघड्या भांड्याचाच प्रयोग. त्या वहीतून आज हवेची ओळख होईल, यंत्राची होईल, स्वतःच्या चुकांची होईल. हवामान पुढच्यांना दिसेल.

म्हणून वहीत तापमान आणि पावसाच्या रकान्यांइतकाच 'शेरा' हा रकाना महत्त्वाचा. नोंद कुणी घेतली, किती वाजता, शेजारचं झाड तोडलं का, नवी भिंत उभी राहिली का. थर्मामीटर फुटून नवा आणला आणि कुठेच लिहिलं नाही, तर वीस वर्षांनी कुणीतरी त्या दिवसापासून गावाचं तापमान एकदम वाढलं किंवा घटलं असं समजून बसेल. जुनं साधन काढण्याआधी नवं काही महिने त्याच्या शेजारीच ठेवायचं, दोन्ही रोज वाचायची आणि फरक लिहून ठेवायचा, ही हवामानशास्त्रातली रीत आहे. वही सांभाळणाऱ्या शिक्षकांची बदली व्हायची असेल, तेव्हाही तेच करता येतं. जाणाऱ्या आणि येणाऱ्या शिक्षकांनी निदान दोन आठवडे एकाच वेळी पेटीपाशी जायचं, आपापला आकडा आधी गुपचूप लिहायचा आणि मग वह्या उघडायच्या.